टेमदऱ्याच्या घाटातलं घड्याळ

रत्नदीपने आयुष्यात दोनच गोष्टींपुढे हात टेकले होते. एक त्याच्या वडिलांचा हट्ट आणि दुसरी हातभर लांबीची एक करडी वायर. वडिलांशी निदान भांडता तरी यायचं.

वायर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला जुनी नऊ पिनांची सिरियल जोडणी. यूएसबीचं टोक लॅपटॉपला आणि दुसरं टोक रत्नदीपने स्वतः सोल्डर मारून बनवलेल्या पत्र्याच्या डब्याला. डब्यातून दोन लांबलचक वायरी निघत, एक शर्यतीच्या घाटाच्या, म्हणजे चढाच्या धावपट्टीच्या, खालच्या टोकाला, एक वरच्या. दोन्हीकडे वाटेवर आडवा, डोळ्यांना न दिसणारा किरण. बैलगाड्याने खालचा किरण तोडला की घड्याळ चालू, वरचा तोडला की बंद, आणि लॅपटॉपवर आकडा. सेकंद आणि सेकंदाचा शंभरावा भाग.

पूर्वी हे काम हौशीराम तात्यांच्या अंगठ्याकडे होतं. तात्या स्टेजवर खुर्ची टाकून बसायचे, निशाण पडलं की हातातलं घड्याळ दाबायचे, गाडा वर आला की पुन्हा दाबायचे. तीस वर्षं त्यांनी हे केलं आणि तीस वर्षं हरलेल्या जवळजवळ प्रत्येक गाडामालकाने त्यांच्या नावाने शंख केला. "तात्या, डुलकी लागली व्हती का?" "तात्या, पावण्याच्या गाड्याला तुमचा अंगठा बरा लवकर पडतो!" एका वर्षी तर तात्यांसकट स्टेज उलटं केलं होतं. तेव्हापासून त्यांच्या डाव्या पायात जरा लचक होती.

रत्नदीपचं यंत्र यात्रा कमिटीला पटलं ते त्यातल्या अकलेमुळे नव्हे. कमिटीचे अध्यक्ष नानासाहेब यांनी ते मीटिंगमध्ये उघडच सांगून टाकलं. "ह्याच्या दावणीला बैल न्हाई, भावकीत गाडा न्हाई. ह्यानं कुनाकडं झुकायचं कारनच न्हाई." गावच्या भावकीत रत्नदीप का नाही, हे नानासाहेब बोलले नाहीत. बोलायची गरज कुणालाच वाटली नाही.

घरी वडील धर्माजी मात्र बोलले. त्यांच्या वडिलांनी सत्तावन्न साली धम्म घेतला आणि त्या दिवसापासून गावकीची कामं सोडली, यात्रेतली हलगीसुद्धा. "आमी त्या घाटातनं बाहेर पडलो, आन् तू परत तिकडंच चालला," धर्माजी म्हणाले.

"हलगी घेऊन न्हाई चाललो, बाबा. स्टेजवर खुर्चीत बसाया चाललोय."

 पण यात्रेच्या चार दिवस आधी म्हाताऱ्याने मुलाचा पांढरा शर्ट न सांगता मंचरला इस्त्रीला नेऊन टाकला. टेमदऱ्याच्या घाटात त्यांच्या वस्तीतलं कुणी आजवर खुर्चीत बसलं नव्हतं. रत्नदीपला ती खुर्ची हवी होती, आणि हवी होती हे तो लपवत नव्हता.

आता एवढं सगळं जमलं होतं, तर घोडं पेंड कुठे खात होतं? त्या वायरीत.

लॅपटॉप जुना, तिसऱ्या हातचा. त्यावर लिनक्स, कारण ते मासिकाबरोबर सीडीवर फुकट आलं होतं आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते रत्नदीपसारख्या आयटीआय झालेल्या, मोटारी रिवाइंड करून पोट भरणाऱ्या माणसालाही उघडून बघता येत होतं. त्याला याचा अभिमान होता. पण लिनक्समध्ये प्रत्येक वस्तूला एक ड्रायव्हर लागतो, म्हणजे मशीन आणि ती वस्तू यांच्यामधला दुभाषा. करड्या वायरीचा दुभाषा अधूनमधून तोंडच मिटून घ्यायचा. पन्नासदा किरण तोडावा, एकावन्नाव्या वेळी सगळं गप्प. वायर उपटून पुन्हा खोचली की साहेब परत बोलायला लागत. माघातल्या एका छोट्या घाटात हे दोनदा झालं. दोन्ही वेळा गाडा वर पोचला होता आणि लॅपटॉपवर घड्याळ अजून पळतच होतं. तेव्हा लोक हसले. टेमदऱ्यात हसणार नव्हते.

मंचरच्या सायबर कॅफेत बसून त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत ड्रायव्हरवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर लिहिलं. चार दिवसांनी कुठल्याशा देशातून एका भल्या माणसाचं उत्तर आलं. तुमची आवृत्ती तीन वर्षं जुनी आहे, हा दोष नव्यात काढलेला आहे, अपडेट करा आणि कळवा. झालं! अपडेट करा. उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जात होतं? त्याच्या देशात अपडेट म्हणजे चहा होईस्तोवरचं काम असेल. मंचरात ते तीन रविवारांचं होतं. पहिल्या रविवारी डाउनलोड ऐंशी टक्क्यांवर आलं आणि लाइट गेली. दुसऱ्या रविवारी सीडी निम्मीच लिहिली गेली. तिसऱ्या रविवारी ते एकदाचं लॅपटॉपवर चढलं, आणि लॅपटॉपचा आवाज गेला. आवाजाचा ड्रायव्हर नव्याला चालेना. तो नवा आणावा तर म्हणतो, आधी अमुक नवं करा. अमुक नवं केलं तर पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी झाली. अक्षरं ताळ्यावर आणली तर माउस वाकडा चालायला लागला. एक भोक बुजवावं तर शेजारी दोन पडत होती. रत्नदीपच्या नाकी नऊ आले. "अरे, मला फक्त एक वायर पायजे!" तो दुकानात एकटाच ओरडला, तेव्हा शेजारचा गॅरेजवाला वायर घेऊन आला.

पण वायर सुधारली. त्याने टेबलावर दोन किरण मांडले आणि हात फिरवत सलग दोनशे वेळा मोजलं. एकदाही ती अडकली नाही. अडकते का, एवढंच त्याने पाहिलं. दोनशे वेळा आकडा आला, आणि आला यातच तो खूश होता.

आणि मग त्याने ती गोष्ट केली.

यात्रा चार दिवसांवर आलेली. सगळा टेमदरा घासपूस करत होता. घरांना चुना, देवळाला ऑइलपेंट, गाड्यांना वंगण, बैलांना ओढ्यावर नेऊन आंघोळी. माळ्यावरची मोडकी सुपं आणि फुटके डेरे उकिरड्यावर पडले. धर्माजी यात्रा मानत नव्हते, पण गाव चुना मारत असताना आपलीच भिंत पोपडे दाखवते म्हणून तेही ब्रश घेऊन उभे होते. रत्नदीपने त्याच झपाट्यात लॅपटॉप पुढ्यात ओढला. लिनक्सची एक चांगली रीत असते. नवं टाकलं तरी जुनं ते काढत नाही. मशीन चालू करताना विचारतं, नव्यात जायचं की जुन्यात. म्हणजे नव्यात काही बिनसलं तर परतीची वाट. पण डिस्क गच्च भरली होती, आणि यात्रेच्या तोंडावर जुनं कोण ठेवतं घरात? त्याने जुनं सगळं पुसलं. पुसून झाल्यावर त्याला फार बरं वाटलं.

चैत्रातली शर्यत. सकाळी आठला पहिली बारी सुटली, म्हणजे पहिला गाडा पळाला. स्टेजवर मधोमध रत्नदीप, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढे लॅपटॉप. डाव्या हाताला सावळेराम गुरुजी, बाऱ्यांचं रजिस्टर लिहायला. मागे नानासाहेब आणि कमिटी. हौशीराम तात्या खाली चिंचेच्या सावलीत बसले होते, स्टेजकडे पाठ करून.

वायर बोलत होती. बारीमागून बारी गेली, भंडाऱ्याने घाट पिवळा झाला, आणि आकडे येत राहिले. रत्नदीप आकडा सांगे, पुकारणारा माइकवर ओरडे, गुरुजी लिहीत. सगळ्यांत मोठं आश्चर्य म्हणजे भांडण नव्हतं. सयाजीचा गाडा अकरा सेकंद साठला वर आला. सयाजी म्हणजे नानासाहेबांचा सख्खा पुतण्या. थोड्या वेळाने बेल्ह्याच्या रखमाजीचा गाडा असा उधळत आला की लोक उठून उभे राहिले. आकडा पडला अकरा ऐंशी. रखमाजी स्टेजखाली आला, लॅपटॉपकडे बघितलं, आणि म्हणाला, "मशीनच म्हनतंय तर काय बोलायचं, राव." आणि निमूट बैलांना टेम्पोकडे घेऊन गेला. नानासाहेबांनी रत्नदीपच्या पाठीवर थाप मारली. टेमदऱ्याच्या घाटात हरलेला माणूस न ओरडता गेला, हे त्यांनी अध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदा पाहिलं होतं.

सेहेचाळीस बाऱ्या झाल्या आणि जेवायची सुट्टी पडली. गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि समाधानाने म्हणाले, "रत्नदीप, आज लिहायला लई सोपं गेलं बघ. समद्या आकड्यांच्या शेवटी शून्यच."

रत्नदीपच्या हातातला बुंदीचा लाडू तसाच राहिला. त्याने रजिस्टर ओढून घेतलं. अकरा साठ. बारा वीस. बारा शून्य शून्य. तेरा चाळीस. अकरा ऐंशी. सेहेचाळीस आकडे, आणि सगळे वीस-वीसच्या पायरीवर. एकही अकरा त्रेसष्ट नाही, एकही बारा सतरा नाही. बैल असे वीस-वीसच्या हिशेबाने पळतात होय?

त्याला एका क्षणात कळलं. नव्या ड्रायव्हरने अडकायचं बंद केलं होतं ते कसं? किरण तुटल्याची खबर आली की लगेच न देता तो ती जवळ ठेवत होता, आणि दर वीस शतांशांनी जमलेलं सगळं एकदम पुढे ढकलत होता. प्रिंटरला, मोडेमला त्याने काही बिघडत नसेल. त्या भल्या माणसाने काही चुकीचं केलं नव्हतं. त्याच्या देशात त्या वायरीला बैलगाडा जोडत नाहीत. पण इथे अकरा साठ याचा अर्थ अकरा चाळीसपासून अकरा ऐंशीपर्यंत काहीही होत होता. रखमाजीचा गाडा सयाजीच्या पुढेही असू शकत होता. रत्नदीप जुन्या आवृत्तीत पाच मिनिटांत परत गेला असता तर निदान दुपारच्या बाऱ्या वाचल्या असत्या. जुनी आवृत्ती त्याने चुना मारण्याच्या उत्साहात पुसली होती. आणि सकाळचं काहीच परत येणार नव्हतं, कारण बैल दिवसातून एकदाच घाटाला लावतात.

त्याने आधी नानासाहेबांना बाजूला घेतलं. नानासाहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आनखी कुनाला ठावं हाय?"

"गुरुजींच्या समोर हाय की रजिस्टर."

"गुरुजींना शून्य दिसलं, बाकी काय दिसलं न्हाई. तू जेव."

"नाना, रखमाजीचा गाडा कदाचित घाटाचा राजा असंल, पयल्या नंबरचा."

"कदाचित! आरं, कदाचितवर घाट चालतो का? तो बिचारा समाधानानं चाललाय, तू त्याला कशाला जागा करतो? गप बस. सांजच्याला यंत्र घरी ने, काय दुरुस्त करायचं ते कर, पुढल्या साली परत तूच खुर्चीत." नानासाहेबांचा आवाज खाली आला. "आन् न्हाई गप बसला, तर ही खुर्ची इसर. तुलाच न्हाई, पुना तुमच्यातल्या कुनालाबी कोन बसवनार न्हाई. तुला कळतंय मी काय म्हनतोय."

कळत होतं. न कळायला काय झालं? रत्नदीप चिडला तो नानासाहेबांवर नाही, त्यांच्याकडून ह्याहून वेगळं काही त्याने धरलंच नव्हतं. तो स्वतःवर चिडला. दोनशे वेळा हात फिरवला आणि एकदा आकड्याचं शेपूट बघितलं नाही. तो खुर्चीत येऊन बसला. पांढऱ्या शर्टावर भंडारा पडला होता, तो झटकत राहिला. समोर टेम्पोचं फळकं खाली पडलं होतं आणि रखमाजी आपल्या बैलाच्या मानेवरून हात फिरवत त्याला वर चढवत होता. भांडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर रत्नदीपला गप्प बसणं सोपं गेलं असतं. पण तो मशीनवर भरवसा ठेवून निघाला होता. रत्नदीपला ते सोसेना.

त्याने पुकारणाऱ्याच्या हातातला माइक घेतला.

"सकाळच्या सगळ्या बाऱ्यांचे आकडे चुकीचे आहेत," तो म्हणाला. माइकवर त्याची भाषा आपोआप पुस्तकी झाली. "माझ्या यंत्रात दोष आहे. सयाजीरावांचा गाडा पुढे की रखमाजींचा, ते मला सांगता येत नाही."

 घाटातून जी बोंब उठली तिच्यात काही ऐकू येईना. सयाजी सगळ्यांत आधी स्टेजवर चढला. "सांगता येत न्हाई म्हंजे? माझा गाडा किती आला?"

"अकरा चाळीस ते अकरा ऐंशी, मधी कुटंतरी."

"मधी कुटंतरी? मधी कुटंतरी काय, चिंचेखाली?"

रखमाजीही धावत आला. "मंजे मी पुढं व्हतो?"

"तेबी सांगता येत न्हाई."

"आरं, मग सांगता काय येतं तुला?"

घाटाला दोनच उत्तरं ठाऊक होती, जिंकला आणि हरला. तिसरं उत्तर ऐकायला कुणी तयार नव्हतं. सकाळपासून हरलेले सगळे आता जिंकलेले झाले आणि जिंकलेले लुटले गेल्यासारखे छाती पिटू लागले. कुणी म्हणालं ह्याने पैसे खाल्ले. कुणी म्हणालं, ह्यांना स्टेजवर घेतलं तिथंच चुकलं. ते मात्र रत्नदीपला स्पष्ट ऐकू आलं. नानासाहेबांनी डोक्याला हात लावला आणि मग माइक हिसकावून पुकारा केला, औंदा घाटाचा राजा नाही, आणि दुपारच्या बाऱ्या हातघड्याळावर. "हौशीराम, वर या!"

तात्या लचकत वर आले. बंडीच्या खिशातून त्यांनी ते जुनं स्टीलचं घड्याळ काढलं. रत्नदीप उठून वायरी गुंडाळायला लागला होता.

"कुटं चालला?" तात्या म्हणाले.

"तात्या, खुर्ची तुमची."

"मला दुसरी आना. तू बस." दुसरी खुर्ची आली. तात्या तिच्यात टेकले आणि समोर बघतच हळू आवाजात बोलू लागले. "अठ्ठ्याऐंशी साली ह्याच घाटात माझा अंगठा उशिरा पडला. माझ्या मला कळलं व्हतं. ह्या रखमाजीच्या बापाचा गाडा व्हता. तो काय न बोलता बैल घेऊन गेला आन् मी मूग गिळून बसलो."

रत्नदीपचं डोकं आधीच तापलेलं. "मग ते मला कशाला सांगता आता?"

"मंग कुनाला सांगू? तो म्हातारा तर मेला." तात्यांनी घड्याळाला किल्ली दिली. "तू माझ्या अंगठ्याकडं बघ. चुकला की सांग. लाजू नको, मोठ्यानं सांग."

सत्तेचाळिसावी बारी जुंपली. खाली निशाण पडलं. रत्नदीपला खरं तर कुणाच्याच अंगठ्याकडे बघायचं नव्हतं. आजच्या दिवसाचं पुरेसं झालं होतं, त्याला घरी जायचं होतं. तरी तो बघत होता. गाडा धुरळ्यातून वर आला, बैलांपुढे पळवतात ती घोडी गेली, बैल गेले, चाकं रेषेवरून गेली, आणि मग तात्यांचा अंगठा पडला. म्हाताऱ्या सांध्याचा अंगठा, दुसरं काही नाही.

"अकरा सेकंद, सत्तर," तात्या माइकवर म्हणाले आणि रत्नदीपकडे वळले.

खाली गाडामालक वर बघत होता. नानासाहेब बघत होते. एकदा नुसती मान हलवली असती तर ती बारी सुखाने निघून गेली असती.

"उशीर झाला, तात्या," रत्नदीप म्हणाला. माइक चालूच होता.

तात्यांनी माइक स्वतःकडे ओढला. "अकरा सत्तर न्हाई. माझा अंगठा उशिरा पडला. किती उशिरा, ते मला सांगता येत न्हाई."

घाटातून पुन्हा बोंब उठली, मघापेक्षा मोठी. "दोघांनाबी खाली उतरवा!" कुणीतरी ओरडलं, आणि ते वाक्य पार वरच्या टोकापर्यंत गेलं. गुरुजी पेन उचलून विचारत होते की मग रजिस्टरात काय लिहू. नानासाहेब हात जोडून कधी लोकांना, कधी ह्या दोघांना गप्प करत होते. रत्नदीपने वायरी खाली ठेवल्या, खुर्ची तात्यांच्या अंगठ्याजवळ सरकवली आणि पुढची बारी जुंपायला सांगितली.